पहिलं पान कुणाचं

विरार पश्चिमेला एका मिठाईच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. आम्ही सात जण. ज्याला स्वतःची वेबसाइट हवी आहे पण ती दुसऱ्याकडून बनवून घेणं जमत नाही, त्याने आपली आपण लिहावी आणि लोकांपुढे ठेवावी, यासाठीचं सॉफ्टवेअर आमची कंपनी बनवते. मुख्य ऑफिस दुसऱ्या राज्यात आहे. आमच्याकडे, म्हणजे खरं तर माझ्याकडे, त्याची मराठी बाजू. पडद्यावर जे जे मराठी शब्द दिसतात ते सगळे मी लिहिलेले आहेत.

माझ्या वडिलांना हे काम अजून नीट पटलेलं नाही. ते आमच्या तालुक्याच्या एसटी डेपोत गाड्या धुवायचे. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांनी फोनवर विचारलं होतं, "म्हणजे बटनावर जे लिहिलेलं असतं ते तू लिहितेस?"

"हो."

"आणि बटन कोण करतं?"

"ते दुसरे करतात."

मग म्हणाले, "तुझं बरं आहे."

खरंच बरं होतं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला मराठीनेच पगार मिळावा याचं मला रोज सकाळी जिना चढताना अप्रूप वाटायचं. म्हणूनच त्या दिवशी मॅडमनी केबिनमध्ये बोलावून जे सांगितलं ते थेट माझ्या नोकरीवर येणारं होतं.

मॅडम आमच्या शाखेच्या प्रमुख. मुंबईत वाढलेल्या, बोलायला फटकळ, मनाने चांगल्या. त्या म्हणाल्या, "हे बघ, मराठीत अकाउंट उघडणारे खूप आहेत. पण उघडतात आणि गायब होतात. एक पान धड लिहून पुढे जाणारा जवळपास कोणी नाही. हेड ऑफिसचं म्हणणं आहे की मराठी काढून टाका, पुढच्या व्हर्जनमध्ये नको."

"पण लोकांना हवंय मॅडम."

"हवंय तर पळतात का? ते शोध. महिनाअखेरपर्यंत मला एक माणूस दाखव, ज्याने कधी वेबसाइट केलेली नाही, आणि जो कोणालाही न विचारता मराठीत आपलं पान लिहितो आणि प्रकाशित करतो. माझ्या डोळ्यांसमोर. मग मी भांडते त्यांच्याशी. नाहीतर मी काही बोलू शकणार नाही."

नवख्या माणसाची पहिली दहा मिनिटं, एवढाच प्रश्न होता. आणि ती दहा मिनिटं मी कधी जवळ बसून पाहिलीच नव्हती.

आगाशीच्या बाजारात एक काकू सुकेळी विकायला बसतात. विरारला राहायला आल्यापासून मी त्यांच्याकडूनच घेते. ज्यांनी सुकेळं खाल्लेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: राजेळी केळी पिकवून, सोलून, कितीतरी दिवस उन्हात वाळवतात आणि केळीच्याच सुक्या पानात बांधतात. मधासारखा रंग येतो, आणि चावायला वेळ लागतो. हे करणारी घरं आता थोडीच उरली आहेत, त्यामुळे काकूंना लांबलांबून फोन येतात. त्या एकदा वैतागून म्हणाल्या होत्या, "रोज तेच सांगते बघ. कसं करतात, किती दिवस टिकतं. एकदाच कुठे लिहून ठेवता आलं असतं तर माझा घसा वाचला असता."

मी त्यांच्या घरी गेले आणि म्हटलं, "काकू, लिहून ठेवायची जागा आहे माझ्याकडे. फक्त मी शिकवणार नाही. मी नुसती बघत बसणार."

"बसून बघनार? म्हंजे मुलगी बघायला आल्यासारखी?" काकूंचे यजमान आतून म्हणाले. केळीची वाडी तेच बघतात. आपसात दोघं त्यांच्या घरच्या बोलीत बोलायची, ती मला अर्धीच कळे. माझ्याशी मात्र सावकाश, मला समजेल असं बोलायची.

नुसतं बघणं किती कठीण असतं ते मला त्या दुपारी कळलं. मी लॅपटॉप ओट्यावर ठेवला, काकू पाटावर बसल्या, आणि मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले, म्हणजे चुकून पुढे जायला नकोत.

पहिल्याच पडद्यावर एक बाई हातात कॉफीचा मग घेऊन हसत होती. नमुन्याचा फोटो, सगळ्यांना तोच येतो. काकूंनी तिला नीट न्याहाळलं. "ही कोन?"

मी गप्प.

"तुझ्या ऑफिसातली आहे?"

मी गप्प.

"पोरी, तुझं पोट दुखतंय का?"

"नाही काकू. मला बोलायची परवानगी नाही."

"कसलं ऑफिस म्हनायचं हे," असं म्हणून त्या उठल्या आणि माझ्यासाठी चहा टाकून आल्या. परत येऊन पासवर्डपाशी अडल्या. मग एक पासवर्ड ठरवला, मोठ्याने अक्षर अक्षर म्हणत टाकला, आणि पुन्हा टाका म्हटल्यावर पुन्हा मोठ्याने म्हटला.

"आता अख्ख्या आगाशीला पाठ झाला," काका म्हणाले.

"होऊ दे. चोरून काय नेनार, केळी?"

मग तो पडदा आला ज्याचा मला मनापासून अभिमान होता. 'चला, आपलं पहिलं पान लिहू या.' खाली मोठी पांढरी चौकट. त्याखाली हिरवं बटण: प्रकाशित करा. इतकं सोपं की यात अडायला जागाच नाही, असं मला वाटायचं.

काकू अडल्या नाहीतच. त्यांनी पदर सारखा केला, एका बोटाने अक्षरं शोधली, आणि चौकटीत सगळ्यात वर, बरोबर मधोमध लिहिलं: श्री. मग हात जोडले आणि हिरवं बटण दाबलं.

पडद्यावर रंगीत कपटे उडाले. 'अभिनंदन! तुमची साइट तयार आहे.'

"झालं," काकू म्हणाल्या. "आता दुसरं पान दे."

दुसरं पान कुठे होतं ते मला माहीत होतं. वर कोपऱ्यात तीन बारीक रेघा होत्या, त्यांच्या आत, चौथ्या ओळीत. काकूंनी तिथे पाहिलंच नाही. त्या पडद्यासमोर बसून राहिल्या, जशी पानावर बसलेली माणसं वाढणाऱ्याची वाट बघतात तशा. मी ओठ दाबून धरले. बराच वेळ गेला.

"देत नाय वाटतं," त्या शेवटी म्हणाल्या. "उद्या देईल." आणि लॅपटॉप हळूच मिटला.

"उद्या या म्हनायला सरकारी ऑफिस आहे का ते?" काका म्हणाले.

आता मला बोलायची मोकळीक होती. मी विचारलं, "काकू, तुम्ही नुसतं श्री का लिहिलंत? सुकेळ्यांचं लिहायचं होतं ना?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी पायातल्या चपला न काढता देवघरात शिरले होते. "पहिलं पान कोनाचं असतं?" त्या म्हणाल्या. "तुझ्या शाळेच्या वहीचं पहिलं पान तू कोनाचं ठेवायचीस?"

उत्तर मला पाठ होतं. जूनमध्ये नवीन वह्या आल्या की आई भाकऱ्या भाजत असताना मी त्या चुलीच्या उजेडात उघडायची, प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर मधोमध श्री काढायची आणि बाकीचं पान कोरं सोडायची. आमच्या बाई ओरडायच्या, कागद फुकट जातो म्हणून. आणि त्यांच्या स्वतःच्या हजेरीपटाचं पहिलं पान तसंच असायचं. दहा वर्षं मी हे केलं होतं. कॉम्प्युटरसमोर बसले आणि विसरले.

दोन दिवसांनी निर्मळला एका अंकलकडे गेले. ते फुलांची बाग करतात आणि रोज सकाळी स्कूटरवर टोपल्या बांधून बाजारात जातात. ख्रिस्ती घर, समोर क्रूस. मला वाटलं, इथे वेगळं काही दिसेल. अंकलनी चष्मा पुसला, बेरजेचं चिन्ह शोधलं, पानाच्या डोक्यावर एक छोटा क्रूस केला, कपाळाला आणि छातीला बोट लावलं, आणि बटण दाबलं. कपटे उडाले.

अंकल दचकून मागे सरले. "बाय, तुझ्या मशीनला घाई झाली. अजून प्रार्थना झाली नाय आनि हिची पार्टी चालू!"

मी हसले, पण परत येताना बसमध्ये मला एक शंका आली आणि ती सोडेना. ऑफिसात पोचल्या पोचल्या मी हेड ऑफिसला फोन लावला. तिथे अकाउंटांची देखभाल करणारा एक इंजिनिअर होता, आमचं बोलणं हिंदीत चालायचं.

"मराठीवाले जे सोडून गेले, त्यांची पानं बघायला मिळतील?" मी विचारलं.

"पानं कुठे आहेत? सगळा जंक आहे. दोन-तीन अक्षरं टाकून लोक निघून जातात. आम्हाला तर वाटलं कोणी बॉट आहे, कारण बहुतेकांत एकच शब्द. सात दिवसांनी सिस्टम ती आपोआप पुसते."

"कोणता शब्द?"

"मला वाचता येत नाही. थांब, या आठवड्याचे उरलेत, पाठवतो."

त्याने यादी पाठवली. मी ती उघडली आणि शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला हाक मारली. आम्ही दोघी बघत राहिलो. श्री. श्री. ॥ श्री ॥. श्री गणेशाय नमः. ॐ. श्री. एक क्रूस. ७८६. श्री. एकाने 'आमचे येथे श्रीकृपेकरून' एवढं लिहून सोडलं होतं, पत्रिकेची सुरुवात करावी तसं.

कोणी पळालं नव्हतं. सगळ्यांनी रीतसर सुरुवात केली होती आणि पुढच्या पानाची वाट बघत बसले होते. आणि आम्ही आठव्या दिवशी त्यांना झाडून टाकत होतो.

मैत्रीण आधी पोट धरून हसली, मग यादी पुन्हा वरून खाली वाचली. "अगं, देवाला जंक म्हणून काढलं आपण," ती म्हणाली.

मॅडमना यादी दाखवली. त्यांनी खुर्चीतून उठून ती वाचली. मग तोडगे सुरू झाले. हेड ऑफिसने सुचवलं, पन्नास अक्षरांशिवाय बटण चालूच होऊ देऊ नका.

"मग लोक पन्नास वेळा श्री लिहितील," मी म्हटलं.

"लिहितील," मॅडम म्हणाल्या. "माझ्या सासूबाई लिहितात. वह्याच्या वह्या." मग त्यांनी स्वतःचा तोडगा सांगितला: "सरळ सूचना टाक ना, पहिल्या पानावर देवाचं नाव लिहू नका."

"मॅडम, हे वाक्य तुम्ही लिहून द्या. माझ्याच्याने होणार नाही."

त्यांनी पेन हातात घेतलं, एक क्षण धरलं आणि खाली ठेवलं. "माझ्याच्यानेही होणार नाही," त्या म्हणाल्या.

तोडगा मला लग्नपत्रिकेवरून सुचला. त्या यादीतल्या 'श्रीकृपेकरून'वाल्याने तो दिला म्हणा. पत्रिकेच्या डोक्यावर देवाची जागा वेगळी असते आणि खाली त्याच कागदावर बाकीचा मजकूर चालू होतो. दोन कागद लागत नाहीत. मी मुख्य ऑफिसला सांगितलं, चौकटीच्या वर एक बारीक पट्टी द्या. तिच्यात काही लिहिलेलं नको, सूचना नको, काहीच नको. ज्याला भरायची तो भरेल.

"रिकामी पट्टी? लोकांना कळेल कशी?" इंजिनिअरने विचारलं.

"कळेल," मी म्हटलं. एवढ्या खात्रीने मी त्याआधी कंपनीत काही बोलले नव्हते.

पट्टीखालची पांढरी चौकटही मी काढून टाकली. तिथे एक प्रश्न घातला: लोक तुम्हाला फोनवर सगळ्यात जास्त काय विचारतात? उत्तर लिहायला सुरुवात केली की तेच पान. कॉफीवाल्या बाईंना निरोप दिला. आणि 'मसुदा जतन करा' असं जे बटण मी शब्दकोश समोर ठेवून लिहिलं होतं, त्याच्या जागी लिहिलं, 'ठेवून द्या, नंतर बघू'. सात दिवसांची ती झाडलोटही बंद करून घेतली. हे सगळं व्हायला जवळजवळ सगळा महिना गेला. शेवटच्या दिवशी दुपारी मी मॅडमना घेऊन आगाशीला गेले.

रिक्षातच मी त्यांना नियम सांगितला. बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, माऊसला हात लावायचा नाही. हा नियम मला कामावर शिकवला गेला असला तरी माझ्यासाठी तो जुना आहे. बारावीनंतर कॉलेजचा फॉर्म ऑनलाइन भरायचा होता, तेव्हा आमच्या त्याच बाई मला सायबर कॅफेत घेऊन गेल्या होत्या. कॅफेवाला सगळ्यांचे फॉर्म स्वतःच भरायचा, चटचट, आणि निम्मे चुकवायचा. तो माझ्या हातातला माऊस घ्यायला आला तेव्हा बाई म्हणाल्या, "राहू द्या. ती भरेल." मी त्याआधी माऊस धरलेला नव्हता. बाई तासभर माझ्या मागे उभ्या राहिल्या. मी चुकले, मागे गेले, पुन्हा केलं. त्यांनी एकदाही हात पुढे केला नाही. त्या तासाचं मोल तेव्हा कळलं नाही. ओट्यावर हात दाबून बसल्यावर कळलं.

मॅडमना नियम पाळवेना. काकूंनी लॅपटॉप उघडताच त्या "इथे, इथे" म्हणून पुढे झुकल्या. पण काकूंनी आम्हा दोघींच्या हातात एकेक सुकेळं ठेवलं होतं. मी मॅडमना खूण केली आणि त्यांनी ते तोंडात घातलं. सुकेळं तोंडात असेपर्यंत माणसाला बोलता येत नाही. आमच्या धंद्यात याहून चांगली सोय मी पाहिलेली नाही.

पासवर्ड पुन्हा आगाशीने ऐकला. पुढचा पडदा आला. काकूंची नजर थेट वरच्या रिकाम्या पट्टीवर गेली. कोणी काही सांगितलं नाही. त्यांनी श्री लिहिलं, हात जोडले, आणि बोट खाली सरकलं. प्रश्न मोठ्याने वाचला आणि त्या हसायलाच लागल्या.

"तेच विचारतात ना मेले! फ्रिजमध्ये ठेवायचं का, म्हनून!"

"मग लिही, ठेवू नका," काका म्हणाले.

"तुम्ही गप बसा. तुम्हाला कोनी फोन केलाय?"

एका बोटाने काकू लिहीत गेल्या. केळी कोणती, ऊन किती, पानात का बांधतात, किती दिवस टिकतात. पाऊण तास लागला. मॅडम तिसरं सुकेळं चघळत होत्या. शेवटचं वाक्य होतं: 'घाईने खाऊ नये.' मग काकूंचं बोट हिरव्या बटणावर गेलं आणि थांबलं.

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "आज अमावास्या नाय का?"

मीही मान वळवून कॅलेंडर बघितलं.

"आहे," काका म्हणाले. "पन मशीनला काय कळते अमावास्या?"

"मला कळते ना. नवीन काम आहे." त्या बटणांवरून नजर फिरवत गेल्या, आणि दुसऱ्या बटणापाशी चेहरा खुलला. "हां, हे बरं आहे. ठेवून द्या, नंतर बघू." दाबलं, लॅपटॉप मिटला, आणि उठून चहा ठेवायला गेल्या.

महिन्याचा शेवटचा दिवस होता. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. एक शब्द मी बोलले असते तर काकूंनी माझ्यासाठी बटण दाबलंही असतं. पण मग ते त्यांनी दाबलेलं नसतं.

मॅडमनी घास गिळला. "काकू," त्यांनी चुलीच्या दिशेने विचारलं, "नंतर म्हणजे उद्या सकाळी साधारण किती वाजता?"

"आंघोळ झाली की!"

लॅपटॉप आम्ही काकूंकडेच ठेवून आलो. परतीच्या रिक्षात मॅडम एवढंच म्हणाल्या, "हेड ऑफिसला मी उद्या दुपारी लिहिते. सकाळी मला वेळ नाही." त्यांना सकाळी भरपूर वेळ होता. त्या नेहमीपेक्षा आधी आल्या आणि माझ्या टेबलामागे येऊन उभ्या राहिल्या. आम्ही सातही जण एका पडद्यासमोर होतो. दर मिनिटाला मी नव्याने प्रकाशित झालेल्या पानांची यादी ताजी करत होते. नऊ वाजले. सव्वानऊ झाले.

"आंघोळीला किती वेळ लागतो?" मैत्रीण म्हणाली.

"पूजा असेल नंतर," कोणीतरी म्हणालं.

साडेनऊला यादीत नवीन ओळ आली. आगाशीची सुकेळी. उघडली. वर पट्टीत श्री, खाली सगळं जसंच्या तसं. आमच्यापैकी कोणीही तिथे नव्हतं. काकूंनी आपल्या आपण लॅपटॉप उघडला होता, कालचं पान शोधलं होतं आणि बटण दाबलं होतं. मॅडमनी माझ्या पाठीवर जोराची थाप मारली आणि दुपारची वाट न बघता केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं. काचेतून त्यांचे हातवारे दिसत होते. बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, "मराठी राहतंय. आणि गुजरातीवाले विचारतायत, ती पट्टी आम्हाला पण मिळेल का."

अंकलनी त्याच आठवड्यात निर्मळच्या फुलांचं पान केलं. त्यांच्या पट्टीत क्रूस आहे. कपटे मी पानाच्या शेवटी नेऊन ठेवले आहेत, प्रार्थना झाल्यावर.

काकूंचं पान आलं त्याच संध्याकाळी मी वडिलांना फोन करून सगळं सांगितलं. ते मन लावून ऐकत होते.

"म्हणजे आता बटनाच्या वरच्या पट्टीवर पण तूच लिहितेस?"

"नाही बाबा. तेवढी एक जागा मी कोरी सोडली आहे."

मग त्यांनी विचारलं, "कोरं सोडायचाही पगार देतात?"

"देतात."

"मग तुझं खरंच बरं आहे," ते म्हणाले, आणि आईला हाक मारून तिलाही सांगू लागले.